लोकांनी मत दिलं, पुढे काय झालं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, त्यांनी हा अंक संध्याकाळी बसून एकाने वाचावा व बाकीच्यांनी ऐकावा.)

साथींनो,

मागच्या शिबिरात एक सवाल निघाला होता. आपण पाच वर्षांतून एकदा माणसाला मत देतो. तो माणूस मुंबईला जातो. तिथे तो कायदा करतो किंवा करत नाही, आणि केला तर कोणासाठी करतो ते आपल्याला नंतर कळतं. त्यापेक्षा माणसाला मत न देता कायद्यालाच मत देता आलं तर? मधला माणूसच निघून गेला तर आपलं काम होईल का?

त्या दिवशी आम्ही उत्तर दिलं नव्हतं. जिथे अशी सोय खरोखर आहे तिथे काय घडलं ते वाचू आणि मग बोलू, असं ठरलं होतं. आम्ही तिघाचौघांनी मिळून जे वाचलं ते आज सांगतो.

ही सोय अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आणि शहरांत आहे. तिथे कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. शंभरेक वर्षांपूर्वी त्या राज्यावर एका रेल्वे कंपनीचा पगडा होता. सदर्न पॅसिफिक तिचं नाव. आमदार तिचे, न्यायाधीश तिचे, वर्तमानपत्रंही तिचीच, असं लोक म्हणायचे. लोक चिडले. त्यांनी १९१० साली हायरम जॉन्सन नावाचा राज्यपाल निवडून आणला आणि १९११ साली राज्याच्या घटनेत दुरुस्ती केली. लोकांनी ठरावीक संख्येने सह्या गोळा केल्या की त्यांचा प्रस्ताव मतपत्रिकेवर छापायचा. लोकांनी त्याच्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मत द्यायचं. ‘हो’ जास्त झाले की विधानसभेला न विचारता तो कायदा होतो. बायकांना मताचा हक्कही त्या राज्यात त्याच वर्षी, त्याच निवडणुकीत मिळाला. म्हणजे ही सोय कोणी दान दिली नाही. कंपनीच्या विरोधात लढून लोकांनी ती घेतली. राज्यात चालते तशी ती शहरातही चालते.

आता ह्या सोयीचं काय झालं ते एका विषयावरून बघू. विषय गांजाचा आहे. काही जण हसताहेत. हसा, पण ऐका. आम्ही गांजाची वकिली करायला उभे राहिलेलो नाही. दारूने आपल्या पाड्यांवर काय केलं ते इथे बसलेल्या बायांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि नशा कुठलीही असो, तिने पोट भरत नाही. तरी विषय हाच घेतला, कारण ह्यात पोलीस, कोर्ट, नगरपालिका आणि लोकांचं मत ही चारही एकमेकांसमोर उभी राहिलेली स्पष्ट दिसतात.

दुसरंही कारण आहे. नशेचा कायदा कोणावर पडतो हे आपल्याला पाठ आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांवरसुद्धा बंधनं होती. फुलं आपल्या झाडाची, वेचणारी आपली बाई, आणि घरात टोपलीभर फुलं सापडली की पोलिसाला निमित्त मिळायचं. शहरात बंगल्यात बसून परवान्यावर पिणाऱ्याचं दार कोणी ठोठावत नाही. केस व्हायची ती आपल्या माणसावर होते आणि हप्ता द्यायचा तोही आपल्याच माणसाने.

अमेरिकेत गांजाच्या कायद्याचं असंच होतं. १९७३ ते १९७८ ह्या काळात त्या देशात गांजापायी दरवर्षी ४ लाखांहून जास्त माणसं पकडली जात होती. त्यातली बहुतेक फक्त थोडासा गांजा जवळ सापडला म्हणून पकडलेली. मिशिगन राज्यात जॉन सिंक्लेअर नावाचा एक राजकीय कार्यकर्ता होता. कवीही होता. सरकारला नकोसा झालेला. त्याने गांजाच्या दोन विड्या दिल्या, आणि ज्यांना दिल्या ते साध्या कपड्यातले पोलीस निघाले. १९६९ साली त्याला साडेनऊ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन विड्यांना दहा वर्षं! १९७१ च्या डिसेंबरात त्याच्यासाठी ॲन आर्बर गावात हजारो लोकांची सभा झाली. जॉन लेनन हा जगप्रसिद्ध गायक तिथे येऊन गायला. तीन दिवसांत सिंक्लेअर सुटला, आणि १९७२ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली.

तर लोकांना हे दिसत होतं. पोलिसाला ज्याला पकडायचं आहे त्याला पकडायला हा कायदा हाताशी असतो. म्हणून काही शहरांतल्या लोकांनी ठरवलं की हा प्रश्न आपण मतानेच सोडवू. तीन शहरांची हकिगत सांगतो. तिन्ही ठिकाणी लोकांनी मत दिलं, आणि तिन्ही ठिकाणी पुढे वेगवेगळं झालं.

पहिलं शहर बर्कली. कॅलिफोर्नियातलं, विद्यापीठाचं गाव. १९७३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला. शहराच्या पोलिसांनी गांजासाठी कोणाला अटक करायची असेल तर आधी नगर परिषदेची परवानगी घ्यायची. म्हणजे कायदा राज्याचा राहील, पण त्याच्यामागे शहराचा पोलीस किती पळवायचा ते शहर ठरवील. राज्याच्या महाधिवक्त्याला हे चाललं नाही. तो कोर्टात गेला. १९७५ साली अपील कोर्टाने निकाल दिला की अशा गोष्टीत राज्याचा कायदा वरचा आहे, आणि राज्याचा कायदा पाळू नका असं शहराला आपल्या पोलिसांना सांगता येत नाही. मतदारांनी केलेला नियम रद्द झाला.

त्याच निवडणुकीत बर्कलीच्या लोकांनी आणखी एक गोष्ट मंजूर केली होती. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघायला पोलीस नसलेल्या नागरिकांची एक समिती. तिच्यावरही कोर्टबाजी झाली आणि तिचेही काही अधिकार कोर्टाने कापले. पण समिती टिकली. हे लक्षात ठेवा. एकाच दिवशी दोन निर्णय झाले. एक सगळाच गेला, दुसरा अर्धामुर्धा का होईना जगला.

दुसरं शहर सॅन फ्रान्सिस्को. बर्कलीच्या समोरच, खाडीच्या पलीकडे. तिथे ७ नोव्हेंबर १९७८ ला मतदान झालं. मतपत्रिकेवर प्रस्तावांना इंग्रजी अक्षरं देतात, ह्याचं अक्षर ‘डब्ल्यू’ होतं. त्यात म्हटलं होतं की सॅन फ्रान्सिस्कोच्या जनतेची मागणी आहे, सरकारी वकिलाने आणि पोलीस प्रमुखाने गांजा लावणाऱ्या, देणाऱ्या-घेणाऱ्या किंवा जवळ बाळगणाऱ्या माणसांना पकडणं आणि त्यांच्यावर खटले भरणं थांबवावं. भाषा साफ होती. लोकांनी चांगल्या बहुमताने ‘हो’ म्हटलं.

आता त्यातला एक शब्द बघा. ‘मागणी.’ बर्कलीत कायदा केला तर कोर्टाने उडवला, हे लोकांना दिसलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रस्तावात कायदा नव्हता, जनतेचं धोरण जाहीर केलेलं होतं. असली गोष्ट कोर्टात सहजी उडत नाही. पण ती कोणाला बांधतही नाही. पाळली तर पाळली.

त्या वेळी शहराचा महापौर जॉर्ज मॉस्कोनी होता. हा माणूस आधी राज्याच्या विधिमंडळात होता आणि १९७५ साली त्यानेच एक कायदा आणून कॅलिफोर्नियातली शिक्षा कमी केली होती. एक औंसापर्यंत, म्हणजे आपल्या अडीच तोळ्यांच्या आसपास गांजा सापडला तर तुरुंग नाही, १०० डॉलरपर्यंत दंड. तेव्हा महापौराच्या खुर्चीत निदान ह्या प्रश्नावर कान देणारा माणूस होता.

मतदान होऊन वीस दिवस झाले आणि २७ नोव्हेंबरला ह्या महापौराचा नगर भवनातच गोळ्या घालून खून झाला. त्याच्याबरोबर हार्वी मिल्क ह्या सभासदाचाही. मारणारा पूर्वी पोलिसात होता, नंतर नगर मंडळाचा सभासद होता, राजीनामा देऊन परत खुर्ची मागत होता. खुनाचं कारण गांजाचा प्रस्ताव नव्हता. पण खुर्चीवरचा माणूस गेला, नवीन आला, आणि लोकांची मागणी कागदावर राहिली. ती रद्द करायची कोणाला गरजसुद्धा पडली नाही. पोलीस पहिल्यासारखे पकडत राहिले.

साथींनो, ह्या दोन गावांत काय फरक आहे? दोन्हीकडे लोकांचं मत वाया गेलं असं वरवर दिसतं. आम्हाला तसं वाटत नाही. बर्कलीत ज्याने लोकांचा निर्णय मोडला त्याला पुढे यावं लागलं. महाधिवक्ता म्हणून नावानिशी कोर्टात उभं राहावं लागलं. कोर्टाला कारण लिहावं लागलं. ते कारण चूक असेल, पण ते कागदावर आहे. ते वाचता येतं, खोडता येतं, त्याच्यातून वाट काढता येते. सॅन फ्रान्सिस्कोत कोणाला काहीच लिहावं लागलं नाही. निर्णय टेबलाच्या खणात गेला, आणि खण कोणी लावला ते सांगता येत नाही. लोकांनी जाब विचारायचा तो कोणाला?

हा खण आपल्या ओळखीचा आहे. आपल्या राज्यात १९७४ चा कायदा झाला, आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आपल्या हातून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू आहे. विधानसभेने केला, राजपत्रात छापला. मग अंमल कोणी करायचा? तलाठ्याने फेरफार काढायचे, तहसीलदाराने चौकशी करायची, जबाब घ्यायचे. आणि जबाब कुठे होतात ते तुम्हाला माहीत आहे. सावकाराच्या ओट्यावर. ‘मला जमीन नको, मला कसायला जमणार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा घेतात. ज्याचा अंगठा त्याला वाचून दाखवत नाहीत. मुंबईत कोणी कायदा रद्द केला का? नाही. कायदा शाबूत आहे. खणात आहे.

रोजगार हमीचंही तेच. कायदा म्हणतो, काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणून काय करतात? मागणीचा अर्ज घेतात आणि पावती देत नाहीत. पावती नाही तर तारीख नाही. तारीख नाही तर पंधरा दिवस कधीच सुरू होत नाहीत. एवढा मोठा कायदा एका चिठोऱ्याने अडवला.

आता तिसऱ्या गावाकडे जाऊ. हे ॲन आर्बर, मिशिगन राज्यातलं. ज्या गावात सिंक्लेअरसाठी सभा झाली तेच. १९७२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नगर परिषदेवर एका नव्या छोट्या पक्षाचे दोन सभासद निवडून आले. दोनच, पण त्यांच्यावाचून कोणाचं बहुमत होत नव्हतं. मे महिन्यात परिषदेने नियम केला की गांजा सापडला तर ५ डॉलर दंड. गाडी चुकीच्या जागी लावली तर पावती फाडतात, तेवढीच गोष्ट. ५ डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले चाळीसेक रुपये. दहा वर्षं तुरुंग कुठे आणि चाळीस रुपये कुठे!

पण पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत परिषदेवरचं बहुमत बदललं. १९७३ च्या उन्हाळ्यात नव्या परिषदेने तो नियम रद्द केला. जसा हात वर करून झाला तसाच हात वर करून गेला.

तेव्हा ॲन आर्बरच्या लोकांनी डोकं चालवलं. त्यांनी विचार केला, परिषद जे देते ते परिषद काढून घेते. मग जे परिषदेला काढता येत नाही तिथे हे लिहायचं. तिथल्या शहरांना सनद असते, म्हणजे शहराची छोटी घटनाच. परिषद ह्या सनदेखाली बसते, वर नाही. सनद बदलायची तर मतदारांकडेच जावं लागतं. लोकांनी सनदेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला आणि एप्रिल १९७४ मध्ये तो मंजूर केला. ५ डॉलरचा दंड परत आला, आणि आता परिषदेला त्याला हात लावता येईना.

त्यांनी ही दुरुस्ती लिहिली कशी, ते फार शिकण्यासारखं आहे. ‘गांजाबद्दल सौम्य धोरण ठेवावं’ असं त्यांनी लिहिलं नाही. दंड किती ते आकड्यात लिहिलं. शहराच्या पोलिसाने अशी तक्रार फक्त शहराच्या वकिलाकडेच न्यायची, दुसऱ्या कोणाकडे न्यायची नाही, असं लिहिलं. आणि शहराच्या वकिलाने ती तक्रार पुढे राज्याच्या सरकारी वकिलाकडे पाठवायची नाही, हेही लिहिलं. म्हणजे पळवाटा कुठे कुठे आहेत ते आधी शोधलं आणि एकेका वाटेवर काट्या टाकल्या. पोलीस म्हणाला असता, ‘मी तर फक्त कागद वर पाठवला.’ वकील म्हणाला असता, ‘मी तर फक्त वरचा हुकूम पाळला.’ दोघांची तोंडं आधीच बंद.

आता खरं ते सगळं सांगू. ही सनद राज्याच्या पोलिसांना बांधत नव्हती. राज्याचा पोलीस आला तर तो तेव्हा राज्याच्याच कायद्याने पकडायचा. शहराची वेस संपली की दंडही संपला. तेव्हा हा पुरा विजय नव्हता. पण रोज ज्याच्याशी गाठ पडते तो पोलीस शहराचाच असतो, आणि त्याचा हात बांधला गेला.

बर्कलीच्या लोकांनीही हार खाऊन गप्प बसणं पत्करलं नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुसरा प्रस्ताव मंजूर केला. ह्या वेळी ‘अटक करायची नाही’ असं म्हटलं नाही, कारण त्याच्यावर कोर्टाचा निकाल होता. त्यांनी म्हटलं, शहराच्या पोलिसांच्या कामांच्या यादीत गांजाचं काम सगळ्यांत शेवटी ठेवायचं. पोलिसाला हजार कामं असतात, कुठलं आधी करायचं ते कोणीतरी ठरवतोच. ते लोकांनी ठरवलं. कोर्टाने कारण लिहून दिलं होतं, म्हणूनच त्या कारणाला वळसा घालून दुसरी वाट काढता आली. लेखी नकाराचा हा फायदा आहे.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग झालं, लोकांचं मत सगळ्यांत वर, ते मोडील तो चोर. साथींनो, इथे थांबून विचार करायला पाहिजे, नाहीतर उद्या हेच वाक्य आपल्यावर उलटेल.

त्याच कॅलिफोर्निया राज्यातली दुसरी गोष्ट ऐका. १९६३ साली विधिमंडळाने कायदा केला की घर विकताना किंवा भाड्याने देताना काळ्या माणसाला त्याच्या रंगावरून नाही म्हणता येणार नाही. गोऱ्या घरमालकांना आणि जमिनीच्या दलालांना हे झोंबलं. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि १९६४ साली प्रस्ताव आणला, क्रमांक १४. आपली मालमत्ता कोणाला द्यायची, कोणाला नाही, तो मालकाचा हक्क, असं त्यात होतं. मतदान झालं. शंभरातल्या ६५ लोकांनी ‘हो’ म्हटलं. काळ्यांना घर नाकारायची मुभा लोकांनीच, मत देऊन, मोठ्या बहुमताने दिली! तिथे कोर्टाने तो निर्णय मोडला. आधी १९६६ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने, मग १९६७ साली देशाच्या सर्वोच्च कोर्टाने. आणि मोडला ते बरोबर केलं.

आता आपल्याकडे बघा. आपण पाड्यावरचे. गाव मोठं, गावात बिगर-आदिवासी जास्त, जमीन त्यांच्या ताब्यात. उद्या जर कोणी म्हणालं की आदिवासीची जमीन परत द्यायची का, ते गावाच्या बहुमताने ठरवा, तर किती गावांत आपला ठराव पास होईल? मतपेटी उघडायच्या आधीच निकाल सांगता येईल. १९७४ चा कायदा कसाही असो, तो वरून आला म्हणून आपल्याला निदान अर्ज करता येतो. गावाच्या मतावर सोडला असता तर अर्जसुद्धा नसता.

म्हणून आमचं म्हणणं असं. लोकांचा निर्णय कधीच मोडता कामा नये, असं आम्ही म्हणत नाही. कधी कधी मोडावा लागतो. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, त्या निर्णयाने कोणाच्या मानेवर पाय पडत होता? प्रस्ताव १४ ने दुबळ्याच्या मानेवर पाय दिला होता, आणि कोर्टाने तो काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी कोणाच्या मानेवर पाय दिला नव्हता. त्यांनी पोलिसाचा पाय उचलायला सांगितला होता. दुसरी, मोडणाऱ्याने उघडपणे, नावानिशी, कारण लिहून मोडला का? की गुपचूप खणात टाकला? पहिल्या रीतीने मोडला तर त्याच्याशी भांडता येतं. दुसऱ्या रीतीने मोडला तर भांडायलाही कोणी समोर नसतं. अधिकाऱ्याला ही दुसरी रीत फार आवडते, कारण तिच्यात त्याची सही कुठेच लागत नाही.

तर मागच्या सवालाचं आमचं उत्तर असं आहे. माणसाऐवजी कायद्याला मत देता आलं तरी मधला माणूस जात नाही. आमदार जाईल, पण पोलीस, वकील, तलाठी, रेंजर राहतातच. मत एका दिवसाचं असतं. अंमल रोजचा असतो. आणि रोजच्या दिवशी कचेरीत कोण बसलं आहे आणि कचेरीबाहेर कोण बसलं आहे, ह्यावर ठरतं. ॲन आर्बरच्या लोकांनी १९७४ साली मत दिलं ते १९७३ साली परिषदेने काय केलं हे विसरले नाहीत म्हणून. बर्कलीचे लोक १९७५ च्या निकालाचा कागद वाचून १९७९ साली परत आले. जे परत आले त्यांचं काहीतरी उरलं.

आता आपण काय करायचं ते सांगतो. आम्ही तीन कामं ठरवून आणली आहेत. तुम्ही त्यात भर घाला.

पहिलं काम पावतीचं. कुठलाही अर्ज, जमिनीचा असो, कामाचा असो, रेशनचा असो, पावतीशिवाय द्यायचा नाही. देत नसतील तर पाच-सहा जण मिळून जायचं आणि पावती मिळेपर्यंत तिथेच बसायचं. भांडण करायचं नाही, शिवी द्यायची नाही, उठायचंही नाही. पावतीवर तारीख आणि शिक्का बघून घ्यायचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर बरोबर न्यायचं.

दुसरं काम नकाराचं. ‘होणार नाही’, ‘वर पाठवलं आहे’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असलं तोंडी उत्तर घ्यायचं नाही. म्हणायचं, ‘साहेब, नाही म्हणताय तर तसं लिहून द्या. कोणत्या कलमाने नाही ते लिहा, खाली नाव आणि हुद्दा घाला.’ निम्म्या वेळा लिहायची वेळ आली की नकाराचा होकार होतो, कारण लिहिलेलं खोटं उद्या वरच्या कचेरीत उघडं पडेल हे त्यांना ठाऊक असतं. आणि लिहून दिलंच तर आपल्या हातात अपिलाचा कागद आला.

तिसरं काम ठरावाचं. आपण पाड्यावर बैठक घेतो, ठराव करतो. त्यात लिहितो, ‘शासनाने आदिवासींना न्याय द्यावा.’ हे सॅन फ्रान्सिस्कोसारखं झालं. मागणी खरी, पण कोणालाच न बांधणारी. इथून पुढे ठरावात लिहा: कोणी करायचं, काय करायचं, किती तारखेपर्यंत करायचं, आणि नाही केलं तर आपण कोणाकडे जाणार. गट नंबर लिहा, फेरफार नंबर लिहा, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचं नाव लिहा. आणि ठराव लिहून झाला की एक जण तलाठ्याची बाजू घेऊन बसा आणि ह्यातून मी कसा निसटेन ते सांगा. तो जी वाट दाखवील तिच्यावर काटी टाका. मगच अंगठे घ्या.

बायांना एक वेगळं सांगायचं आहे. दारूच्या विरोधात तुम्ही भट्ट्या फोडल्या तेव्हा पोलीस दूर उभा राहून बघत होता. तोच पोलीस दुसऱ्या दिवशी मोहाची फुलं घेऊन जाणाऱ्या म्हातारीला अडवायचा. तेव्हा नशाबंदी हवी की नको, हा सवाल आपल्या पाड्याने आपल्यात बसून सोडवावा. पण पोलिसाच्या हातात जास्त कलमं दिली की नशा कमी होते, असं कोणी सांगितलं तर लगेच मान हलवू नका. मिशिगनमध्ये दोन विड्यांना दहा वर्षं दिली, गांजा काही संपला नाही. संपता संपता फक्त एका माणसाची दहा वर्षं संपली असती, लोक उभे राहिले नसते तर.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने एक वही आणावी. वहीत चार रकाने आखा. अर्ज कशाचा, कोणत्या तारखेला दिला, कोणाच्या हातात दिला, उत्तर काय मिळालं. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी चौथा रकाना कोरा ठेवावा, भरून काढू नये. सगळ्या पाड्यांच्या वह्या एकत्र आल्या की कोरे रकाने मोजू. तेवढाच मोर्चा घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ, आणि एकेक कोरा रकाना तिथे बसून भरून घेऊ.

जिंदाबाद.